अंगातला मोंढा

आमच्या घरात वानगीला लई मान होता. आमच्या तिकडं शेतकरी पूर्ण माल घेऊन एकदम दारात किंवा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, येत नाही. आधी उपरण्याच्या पदरात मूठभर दाणे बांधून आणतो, ती वानगी. अप्पा, म्हणजे माझे वडील, ते दाणे तळहातावर घ्यायचे, अंगठ्यानं पसरायचे, फुंकर मारायचे, एखादा दाणा दाढेखाली कुटकन फोडायचे आणि मग कुठल्या शिवारातला माल, कधी काढलेला, पाणी लागलंय का, सगळं सांगायचे. एकदा एकानं तुरीत खडे मिसळून आणलेवते. पुढं किती वर्षांनी तोच माणूस दुसऱ्याच गावाचं नाव सांगून आला. अप्पांनी मूठ उघडली आणि म्हणाले, "तुमी पयले बी आलतात. तवाचे खडे माझ्यापाशी अजून हायेत, दाखवू का?" माणूस चहा न पिता गेला. मला लहानपणी वाटायचं की माझ्या बापाच्या तळहाताला डोळे आहेत.

तेलगाव फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव. रस्त्याला लागून दुकान, दुकानामागं घर आणि घरामागं गोदाम. आम्ही लिंगायत, सकाळी अप्पा कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसत तेव्हा घरात भांडं वाजलेलंही त्यांना खपत नसे. पूजा संपली की मात्र आवाजच आवाज. शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफट करायचा, करडईच्या तेलाच्या डब्याचं झाकण कुणीतरी आपटायचं, आई येसराचा मसाला कुटायची. येसराच्या आमटीचा वास आला की अप्पा गादीवरून उठून आत यायचे, गिऱ्हाईक उभं असलं तरी. त्या काळात दुकानात नवीन नवीन माल यायला लागलावता. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दारावर लोंबायच्या, फाट्यावर पिवळ्या पाटीचा फोन आलावता आणि बापूसाहेबांच्या वाड्यावर डिशची छत्री बसली होती. बापूसाहेब म्हणजे गावचे मोठे जमीनदार, सोसायटीपासून शाळेपर्यंत सगळीकडं त्यांचा शब्द. सगळं जग आता आपल्या दारात येणार, असं सगळे म्हणायचे. जगातलं काय काय येणार ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

माझा थोरला भाऊ शिवा सुरतेला मागावर काम करायला गेलावता. अप्पांना ते पटलेलं नव्हतं. दुकान सोडून पोरगा परमुलखात कापड विणतो म्हणजे काय! पण शिवाला फोनवर हसताना ऐकलं की त्यांचा राग पातळ व्हायचा. मी बारावीत होते, तोंडाची फटकळ, आणि सगळ्या घरात माझं शिवाशीच पटायचं. तो मला "गिरजे" म्हणायचा, बाकी सगळे गिरिजा. शिवाच्या फोनच्या दिवशी मी फाट्यावर आधीच जाऊन बाकड्यावर बसून राहायची, आणि फोनवाल्या पोरानं "दुसऱ्यालाबी बसू दे" म्हटलं की त्याच्याशी भांडायची.

त्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात उंदीर पडायला लागले, माणसांना ताप येऊन जांघेत, काखेत गाठी यायला लागल्या, असं ऐकू आलं. पेपरात प्लेग असा शब्द आला. म्हाताऱ्या माणसांनी तो ऐकला आणि त्यांचे चेहरेच बदलले. गोदामात उंदीर तर आमच्याकडं पिढीजात होते, त्यांची कधी कुणाला फिकीर नव्हती. आता एखादा खुडबुडला तरी आई दचकायची. पांढरी पूड घेऊन माणसं आली, बिळाबिळांत टाकून गेली. पावसाळा सरता सरता टीव्हीवर सुरत दिसायला लागली. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, स्टेशनवर ही गर्दी, सगळं शहर पळत सुटलंय. शिवाचा फोन नाही. आईनं ताट बाजूला सारलं. मी देवीपुढं उभी राहून सांगितलं, "शिवादादा धडधाकट घरी आला तर अख्खं नवरात्र पायात चप्पल घालणार न्हाई." आमच्याकडं पुष्कळ जण नवरात्रात अनवाणी असतात, त्यात फार मोठं काही नाही. पण आईला ठाऊक होतं की हा माझा पहिला नवस आहे, आणि कशासाठी आहे.

आणि तो आला. संध्याकाळी दुकानासमोर, खांद्याला पिशवी, तोंडाला रुमाल, आणि रुमालाच्या वरचे डोळे हसणारे. मी धावले, माझ्या मागून आई धावली, आणि गादीवरून अप्पांचा आवाज आला, "थांब. तितंच थांब."

शिवाला वाटलं गंमत करतायत. "कावून अप्पा, वळखलं न्हाई का?"

"गोदामात जा. आंघूळ कर. अंगावरची कापडं जाळ. धा-पंधरा दिस तितंच ऱ्हायचं."

"आवं, लेकरू हाय माझं!" आई ओरडली.

"लेकरू माझं बी हाय," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी तिचा दंड घट्ट धरून ठेवला. शिवाचं हसू गेलं. तो घराच्या बाजूनं मागं गेला. आईसाठी त्यानं आणलेली मोतिया रंगाची साडीही कपड्यांबरोबर जाळली गेली, आणि ते आई पुढं कितीतरी वर्षं बोलून दाखवत होती. आज मला अप्पांचा राग येत नाही. अलीकडं ती दुसरी मोठी साथ आली तेव्हा माझ्या सख्ख्या मुलालाही मी दारातूनच ताट सरकवलंय. पण तेव्हा मी अप्पांशी बोलणं टाकलं होतं.

शिवाचं खाणं पत्रावळीवर जायचं, पाणी वरून ओतायचं, असा हुकूम होता. मी तो पाळला नाही. दुपारी अप्पा लवंडले की मी गोदामाच्या खिडकीपाशी जाऊन बसायची आणि गजांमधून माझ्या हातानं त्याच्या हातात तांब्या द्यायची. "मागाच्या आवाजात हळू बोलायचं इसरलोय बघ," असं म्हणत तो मोठ्यानं बोलायचा आणि मी त्याला गप्प करायची. एकदा म्हणाला, "गिरजे, मला कुणी हात लावून किती दिस झालं, ध्यानात येतंय का तुला?" मी गजांमधून बोटं आत घातली. त्यानं ती धरली नाही, नुसती टिचकी मारली.

गावाला बातमी लपत नाही. दुकानात गिऱ्हाईक येईना. समोरून जाताना लोक रस्त्याची पलीकडची बाजू धरायला लागले. घटस्थापना झाली, देवघरात मातीच्या परडीत धान्य पेरलं, अंधारात पिवळे कोंब वर यायला लागले, भगर आणि शेंगदाण्याची आमटी असं आमचं उपासाचं चालू झालं. पण आरतीला शेजारच्या बायका येईनात. मग बापूसाहेब स्वतः आले, ओट्याखालीच उभे राहिले. "शंकरअप्पा, मला तुमच्याशी हुज्जत घालायची न्हाई. माजीबी नातवंडं हायेत. एक जरी गाठ निघाली ना तुमच्या घरात, तर शिवाला गावात ठिवता येणार न्हाई, सांगून ठिवतो." अप्पांनी हात जोडले. अप्पांना हात जोडताना मी देवापुढं सोडून कुठंच पाहिलं नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना माझ्या हाताला उजव्या जांघेत गाठ लागली.

आधी बोराएवढी होती. दाबलं की कळ थेट डोक्यात जायची. मी पाण्याचा तांब्या धरून तशीच बसून राहिले, पाणी गार झालं तरी. दुसऱ्या दिवशी ती लिंबाएवढी झाली, अंगात कणकण भरली, आणि संध्याकाळी दिव्याच्या उजेडात मला दिसलं की घोट्यापासून पोटरीवरून एक लाल रेघ वर चढत चाललीय. मला वाटलं, विषच चढतंय. आता वाचणाऱ्याला वाटेल, ही पोरगी आईला का सांगत नाही? एक तर जांघ हा शब्द आमच्या घरात पोरीनं उच्चारायचा नव्हता. आणि दुसरं म्हणजे, मी सांगितलं असतं तर त्या गाठीवर शिवाचंच नाव लिहिलं गेलं असतं. मरायची भीती मला वाटत नव्हती असं नाही, लई वाटत होती. रात्री दात वाजायचे. पण आपण मेलो तर मेलो, शिवाला गावाबाहेर काढलेलं आपल्याला बघवणार नाही, एवढं मात्र पक्कं ठरलं होतं. सतरा वर्षांच्या पोरीचं शहाणपण ते, त्याला काय म्हणावं!

मग एके सकाळी आरोग्य खात्याचं पथक आलं. दोन माणसं आणि एक डॉक्टरीणबाई, माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठी, सांगलीकडची, वेणी घट्ट, बोलणं स्वच्छ. एका माणसाच्या हातात लाकडी पेटी होती. बापूसाहेब आणि चार-सहा माणसं आधीच ओट्यावर येऊन बसली होती, आता निकाल लागायचाच या तयारीनं. शिवाला गोदामातून बाहेर आणलं. बाईंनी त्याला आत नेऊन नीट तपासला, घसा, काखा, जांघा, सगळं. बाहेर येऊन म्हणाल्या, "हा ठणठणीत आहे. कशाला कोंडून घातलाय?"

अप्पांनी डोळे मिटले. ओट्यावरची माणसं जरा सैलावली. आईनं मला हाक मारली, "गिरिजे, च्या आण गं सगळ्यांला." मी कपांचा ट्रे घेऊन निघाले. कितीही सांभाळलं तरी पाय ओढला जातच होता. बाकीच्यांना देऊन झाल्यावर शेवटचा कप बाईंनी घेतला, आणि तो घेता घेता माझं मनगट धरलं.

"अंग तापलंय तुझं. पाय का ओढतेस?"

"काई न्हाई."

"चल आत."

देवघराच्या बाजूच्या खोलीत त्यांनी दार लोटलं. आई माझ्यापाशी उभी होती. मी परकर वर घ्यायला तयार होईना तेव्हा बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "मीही बाईच आहे गं." मग मी डोळे घट्ट मिटले. त्यांची बोटं गाठीवर आली, आणि आईच्या तोंडून किंकाळी निघाली, "गाठ! अगं माय माय माय, गाठ!"

तो शब्द दारातून बाहेर गेला. बाहेर खुर्च्या सरकल्या, चपला ओढल्या गेल्या, आणि क्षणात ओटा रिकामा झाला. भरलेले कप जागच्या जागी वाफाळत राहिले. कुणीतरी रस्त्यावरून ओरडलं, "काढा बे त्याला भायेर!" आणि मागच्या अंगणात गोदामाचं दार आपटलं. शिवानं पिशवी उचलली होती. आपणच बहिणीला मारलं, असं समजून तो मागच्या वाटेनं फाट्याकडं चालता झाला. मी त्याला हाक मारायला उठत होते, बाईंनी खांदे दाबून मला खाली बसवलं.

"हलू नकोस. आणि हे काय आहे?"

त्यांना लाल रेघ दिसली होती. रेघेवरून त्यांचं बोट खाली खाली आलं, पोटरी, घोटा, तळवा, आणि अंगठ्याशेजारच्या बोटाखाली थांबलं. तिथं बाभळीचा काटा लागलावता, देवीच्या माळावर जाताना, अनवाणी. मी उपटला, तर टोक आत मोडलं. त्यावर हळद दाबली आणि विसरून गेले. बाईंनी जरा दाबलं तर पिवळा पू वर आला.

आई बघत होती. तिचं रडं मधेच थांबलं. "अगं बया," ती म्हणाली, "अवधान हाय की हे!"

"काय म्हणालात?"

"अवधान, बाई. पायाला लागलं, चिघळलं, की जांघेत अवधान येतंय. लेकराबाळांला येतंयच की. माझी माय आधी पाय बघायची, मंग गाठ."

"मग एवढ्या ओरडलात का?"

"ह्या वर्षी कुणाला सुचतंय ओ!" आई पदर तोंडाला लावून म्हणाली. खरंच होतं ते. त्या वर्षी गावातनं अवधान नाहीसंच झालं होतं. घराघरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली साधी गोष्ट, ती भीतीनं पुसून टाकली होती. सगळं गाव उंदीर बघत होतं, माझा पाय कुणी बघितला नव्हता. मीसुद्धा नाही.

बाई हसल्या नाहीत. "तुमचं बरोबर असेल. मलाही तसंच वाटतंय. पण नुसतं वाटून चालणार नाही, मला बघावं लागेल." त्यांनी सुईनं गाठीतून थेंबभर पाणी काढलं. मी आईच्या मनगटाला चावले असेन, तिथं दात उमटलेवते. पायाचा पू वेगळ्या काचेवर घेतला. लाकडी पेटी उघडली आणि मायक्रोस्कोप आमच्या दुकानाच्या फळीवर ठेवला, कारण उजेड तिथंच होता. तराजू बाजूला सारला. मायक्रोस्कोपच्या खालच्या छोट्या आरशात ऊन पकडलं. काचांवर जांभळा रंग टाकला, धुतला, तांबडा टाकला, पुन्हा धुतला. स्पिरिटच्या वासात करडईच्या तेलाचा वास मिसळला. रस्त्याच्या पलीकडं सगळा गाव उभा होता, तोंडाला धोतरं, पदर, रुमाल लावून. गिरणी बंद झाली होती. अप्पा गादीच्या खाली, जमिनीवर बसले होते.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. हातानं काच इकडं सरकवायच्या, तिकडं सरकवायच्या. मान वर न करता म्हणाल्या, "प्लेगचे जंतू दोन्ही टोकांना गडद असतात, मधे फिके. मिटलेल्या सेफ्टी पिनेसारखे दिसतात." आईचा हात आपोआप मंगळसूत्राकडं गेला. तिथं तिच्या चार-सहा पिना कायम अडकवलेल्या असायच्या. ती त्या मुठीत घट्ट धरून उभी राहिली.

"पिना नाहीत," बाई म्हणाल्या. पुन्हा बघितलं. "एकही नाही. ह्या काचा मी पुढं पाठवीन, तो नियमच आहे. पण मी सांगते, हा प्लेग नाही. काट्याची जखम पिकलीय."

अप्पा उठले नाहीत. त्यांनी जमिनीवर हात टेकवला, तेवढंच. मी मात्र म्हणाले, "मला बघायचंय." एवढा ताप, एवढी कळ, आणि माझ्या अंगातनं काढलेलं नुसती परकीच माणसं बघणार, हे मला चालणार नव्हतं.

बाईंनी मला स्टुलावर बसवलं. आधी नुसताच उजेड दिसला आणि माझ्याच पापण्या. मग त्यांनी चाक फिरवलं आणि धुकं निवळलं. ते पायाच्या पुवाचं होतं. गुलाबी गुलाबी गोल, प्रत्येकाच्या पोटात तीन-चार तुकड्यांचं गडद काहीतरी. आणि काहींच्या पोटात जांभळ्या ठिपक्यांचे घोस, द्राक्षांच्या घडासारखे. "ते ठिपके जंतू," बाई कानाशी म्हणाल्या. "आणि ज्यांच्या पोटात ते आहेत, त्या तुझ्या पेशी. तुझ्या रक्तातून तिथं गेल्या, त्यांनी जंतू गिळले, आणि गिळून मेल्या. पू म्हणजे घाण नाही गं. हे त्यांचे देह आहेत."

मी हललेच नाही. मी पाय झटकत होते, कण्हत होते, घरच्यांपासून तोंड लपवत होते, देवीला शिव्या घालत होते, आणि त्याच वेळी, मला न विचारता, मला न कळता, माझ्या पायाच्या बोटाखाली हे चाललं होतं! कुणी शिकवलं त्यांना? माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळं पुन्हा धुरकट झालं. पुढं मी बी.एस्सी. केलं, शाळेत विज्ञान शिकवलं, शेकडो पोरांना ह्याच पेशी दाखवल्या. दर वेळी चाक फिरवून आधी मीच बराच वेळ बघत राहायची. पोरांना वाटायचं, बाईंना नीट दिसत नाही.

मग गाठीतली काच. तिच्यात तर खच्चून भरलेले गडद गोल दाणे. अप्पांनी पण बघितलं, एक डोळा मिटून, टोपी मागं सारून. "उडदाचं पोतं फुटल्यावानी दिसतंय," ते म्हणाले. "ह्ये काय हाय?"

"ह्या राखणदार पेशीच, पण वेगळ्या जातीच्या," बाई म्हणाल्या. "जखमेपाशी काही पेशी जंतूंचे तुकडे उचलतात आणि वाहत ह्या गाठीपर्यंत येतात. इथं लाखो दुसऱ्या पेशी थांबलेल्या असतात. प्रत्येकीला एकच आकार ओळखता येतो, दुसरा नाही. तो तुकडा त्यांना दाखवत फिरायचं. जिला ओळख पटेल..."

"म्हंजे वानगी," अप्पा म्हणाले.

"काय?"

अप्पांनी शेजारच्या पोत्यातली मूठभर तूर उचलली आणि तळहातावर पसरली. "शेतकरी आख्खा माल आणत न्हाई, बाई. येवढीच आणतो. मोंढ्यात फिरवतो, ह्याला दाखीव, त्याला दाखीव. ज्याला पायजे तो म्हणतो, ह्यो माझा."

बाई त्यांच्या तळहाताकडं बघतच राहिल्या. "अगदी हेच," त्या हळूच म्हणाल्या. "मला कॉलेजात कुणी इतकं सोपं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ओळख पटली की त्या एका पेशीच्या हजारो होतात, मोंढा भरतो, म्हणून गाठ सुजते. गाठ हा रोग नाही अप्पा. तो बाजार आहे."

"आन ज्याला पटतंय, तो आधीच येऊन बसलेला असतोय?"

"आधीपासून. बाळ जन्मायच्या आधीच ही तयारी सुरू होते."

"पन जंतू तर आत्ता आला. त्याला कधी न बघताच ह्याच्यापाशी त्याची वळख?"

"न बघताच. शरीर नाना आकारांच्या पेशी बनवून ठेवतं, कोण कधी येईल ह्याच्या भरवशावर. बहुतेकींना आयुष्यभर त्यांचा पाहुणा भेटतच नाही. आणि ज्यांना भेटतो, त्यातल्या काही मग त्याला विसरत नाहीत."

 माझ्या बापाला मी पन्नास शिवारांचा माल ओळखताना पाहिलं होतं, पण जो माल जगात अजून पिकलाच नाही त्याची ओळख ठेवून बसायचं, हे त्यांच्याही तळहाताच्या पलीकडचं होतं. त्यांनी तूर पोत्यात परत टाकली, गळ्यातल्या लिंगाला हात लावला, "शिव शिव शिव" म्हणाले. आणि त्या नावासरशीच त्यांच्या ध्यानात आलं.

"शिवा कुठं हाय?"

 आईनं मागच्या वाटेकडं बोट केलं. अप्पा चप्पल न घालता निघाले. माझा बाप पळताना मी त्या आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही; धोतराचा सोगा हातात, टोपी दुकानातच राहिली, गर्दी दुभंगली आणि ते फाट्याच्या रस्त्याला लागले. बाई मला उठू देत नव्हत्या. मी फळीला धरून रस्त्याकडं बघत राहिले. बस गेली तर? ही पोळी कुणाच्या तोंडची, हा घास कुणाचा, असं आई पुटपुटत होती. तिला काही सुचेनासं झालं की ती असलं काहीतरी बोलायची. परळीकडची बस भोंगा वाजवत गेल्याचं ऐकू आलं.

मग वळणावर दोघं दिसले. अप्पांनी शिवाचं मनगट धरलं होतं. आईचा दंड धरला होता तितकंच घट्ट. सगळ्या गावासमोरून, रस्त्याच्या मधोमध, त्याला हातानं धरून ते आणत होते. बापूसाहेब पुढं झाले तेव्हा बाईंनी ओट्यावर येऊन मोठ्यानं सांगितलं, "प्लेग नाही. काटा लागलाय तिला. ज्याला शंका असेल त्यानं येऊन बघावं." बापूसाहेब खरंच वर आले, मायक्रोस्कोपात बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि तोंडावरचं उपरणं काढून म्हणाले, "आरं, ह्ये आपल्याबी अंगात आसतंय?" बाई म्हणाल्या, "सगळ्यांच्या." ते खाली उतरले आणि थंडगार झालेला आपला चहा पिऊन टाकला.

शिवा माझ्यापाशी येईना. हातभर अंतरावर उभा. "खरंच न्हाई ना?" एवढंच विचारत होता. बाईंनी काट्याचं टोक काढलं, जखम धुतली, गोळ्या दिल्या, आणि बजावलं, "ह्या पायाला माती लागता कामा नये. ती रेघ वर चढली तर जिवावर बेतेल. पेशी काम करतायत, पण त्यांना मदत लागते. चप्पल घालायची."

"अजून माळा ऱ्हायल्यात की," आई म्हणाली.

"कसल्या माळा?"

"नवस हाय तिचा. नवरात्र संपंस्तोर अनवाणी."

बाईंचा पारा चढला. "नवस? अहो, पोरीचा पाय..."

"कसला नवस?" शिवानं विचारलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गोदामात कोण सांगणार? मी तर मेले तरी सांगणार नव्हते.

आई म्हणाली, "तू धडधाकट घरी यावं म्हणून."

शिवानं माझ्या पायाकडं पाहिलं, पट्टीकडं, मग त्या लाल रेघेकडं. त्यानं तोंडावरचा रुमाल खाली ओढला. तो रडत होता, आणि त्याला ते लपवायचंही नव्हतं. मग माझ्यासमोर पाठ करून उकिडवा बसला.

"बस, गिरजे."

"येडा हायेस का? येवढी घोडी मी."

"बस म्हणतोय न्हवं. चप्पल बी नगं, माती बी नगं. माळा संपंस्तोर मी हाय."

संध्याकाळच्या आरतीला त्यानं मला पाठकुळी घेऊन नेलं. ज्या गल्लीत आदल्या दिवसापर्यंत आमच्या घराची सावलीही कुणी अंगावर पडू देत नव्हतं, तिथून. बायका दारात येऊन बघत होत्या. देवळाकडून संबळ ऐकू येत होती. मी त्याच्या गळ्यात हात टाकले होते, त्याच्या मानेचा घाम माझ्या कोपराला लागत होता, आणि प्रत्येक पावलाला ती गाठ त्याच्या पाठीवर दाबली जाऊन ठणकत होती. माझ्या सुनेनं परवा बाळाला लस दिल्यानंतर काखेत गाठ लागली म्हणून मला घाबरून हाक मारली, तेव्हा मी डॉक्टरांना दाखवायला तिला नेलंच; पण बाळाच्या काखेला हात लावताना मला तो ठणका पुन्हा जसाच्या तसा आठवला.

चढावर शिवा जरा थांबला, मला वर उचलून नीट घेतलं, आणि मी कळवळले.

"दुखतंय का गं? उतरवू?"

"दुखू दे," मी म्हणाले. "आत काम चालू हाय. तू चाल."